दुखत नाही ती दाढ

उज्जैनमध्ये दातांबद्दलची दोन टोकाची मतं ऐकायला फार हिंडावं लागत नाही. मंगळनाथच्या रस्त्यावर शासकीय धन्वंतरी आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि फ्रीगंजात टॉवर चौकाच्या आसपास दातांच्या दवाखान्यांच्या पाट्या आहेत. शिंद्यांच्या काळापासून इथे राहिलेल्या मराठी घरांत थोरले पहिल्या वाटेचे आणि धाकटी दुसऱ्या वाटेची, असंही सापडतं. खालचे दोघं मी रचलेले आहेत, मुद्दे मात्र रचलेले नाहीत. काका आयुर्वेदातलं शालाक्य, म्हणजे डोळे-कान-नाक-घसा-तोंड, शिकवून निवृत्त झालेले. पुतणी इंदूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात शिकलेली, तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रिया करणारी. मध्ये टेबलावर काकांच्या नातवाचा ओपीजी, म्हणजे सगळ्या जबड्याचा एकाच पट्टीत काढलेला एक्स-रे. नातू वीस वर्षांचा. चार महिन्यांनी मर्चंट नेव्हीत कॅडेट म्हणून पहिल्या जहाजावर जायचा आहे.

काका : पोराला आज काही दुखत नाही. सकाळी पोहे-जिलबी खातो, संध्याकाळी कणीस खातो, रात्री घोरतो. मग काढायचं काय?

पुतणी : खालची डावी अक्कलदाढ. ही बघा ना, पुढच्या दाढेवर रेललीय. अर्धी हिरडीच्या वर, अर्धी आत. वर हिरडीचा एक पदर पडलाय. त्याच्याखाली अन्न शिरतं आणि ब्रश तिथं पोचत नाही.

काका : सुजेल तेव्हा बघू. हे काही आजचं दुखणं नाही. सुश्रुताच्या निदानस्थानाचा सोळावा अध्याय काढ. मुखरोग पासष्ट, त्यातले हिरड्यांचे पंधरा. त्या पंधरांत एक अधिमांस. जबड्याच्या शेवटच्या दाताशी मोठी सूज, भयंकर ठणका, लाळ गळते. तुमच्या पेरिकोरोनायटिसमध्ये याहून वेगळं काय असतं?

पुतणी : काही नाही. तोंड उघडत नाही आणि गिळताना दुखतं, एवढंच वर घाला.

काका : आणि उपाय काय दिलाय? वाढलेलं मांस छेदायचं आणि वर वेखंड, पाठा, सज्जीखार, यवक्षार वगैरेंचं चूर्ण मधातून लावायचं. दात उपटा असं तिथं नाही म्हटलेलं.

पुतणी : तो पदर आम्हीही कापतो. दाढ सरळ उभी असेल, वर यायला जागा असेल आणि नुसता पदरच आड येत असेल तर. इथं जागाच नाही. आज कापला तर काही महिन्यांत पुन्हा वाढेल. आणि काका, त्याच अध्यायात वर्धन नावाचाही रोग आहे ना? जादा दात येतो, येताना फार दुखतो.

काका : आहे. आणि पुढे काय म्हटलंय? दात उगवून आला की दुखणं शमतं. म्हणजे वाट बघा.

पुतणी : निदानात तसं म्हटलंय. चिकित्सेत मात्र अधिक दात काढून वर अग्निकर्म, म्हणजे डाग देणं, सांगितलंय. तुम्हीच मला बारावीच्या सुट्टीत वाचून दाखवलं होतंत.

काका : (जरा थांबून) काढायचा तो जादाचा दात. हा बत्तीसातला आहे.

इथे काकांनी पळवाट काढली असं मला वाटतं, पण मुद्दा अगदीच पोकळ नाही. शेवटची दाढ मोजणीतली मानायची की जादाची, याचा वाद आधुनिक शास्त्रातही होऊन गेला आहे. डार्विननं १८७१ च्या पुस्तकात, सुधारलेल्या समाजांत ही दाढ अवशेषरूप होत चालल्यासारखी दिसते, असं लिहून ठेवलं आणि तेव्हापासून 'नाहीतरी जाणारच आहे' हा सूर लागला तो लागलाच. पण बहुतेकांच्या जबड्यात ती अजून येते, आणि पुष्कळांच्या तोंडात निमूटपणे चावण्याचं काम करते.

पुतणी : किती वेळा सुजलं होतं त्याचं?

काका : एकदा. गेल्या श्रावणात, महाकालाच्या सवारीच्या दिवशी. गालफड एवढं फुगलं, की घरातूनच दर्शन घेतलं.

पुतणी : काकू तर म्हणतात, दोनदा.

काका : दुसऱ्यांदा काही विशेष नव्हतं. मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणल्या, तीन दिवसांत उतरलं.

पुतणी : म्हणजे दोनदा. हे मी उगाच मोजत नाही, काका. ब्रिटनमध्ये नाइस नावाची सरकारी संस्था आहे, कुठला उपचार सरकारी खर्चानं द्यावा हे ठरवणारी. तिचा २००० सालचा पहिलाच निर्णय अक्कलदाढेवर होता. निरोगी अडकलेली दाढ केवळ अडकली आहे म्हणून काढू नका. काढल्यानं भलं होतं याला भरवशाचा पुरावा नाही आणि शस्त्रक्रियेचा धोका मात्र नक्की आहे.

काका : मग झालं! विलायत माझ्या बाजूला.

पुतणी : पुढचं ऐका. पहिल्यांदा सूज आली तर, फारच गंभीर नसेल तर, ते काढायचं कारण धरू नका. दुसऱ्यांदा आली तर धरा. आता सांगा, त्या मेडिकलवाल्याच्या गोळ्या मोजायच्या की नाही?

काकांनी उत्तर दिलं नाही. मला मात्र हा प्रश्न सगळ्या गोष्टीतला कळीचा वाटतो. परदेशातला नियम 'दुसऱ्यांदा' म्हणू शकतो, कारण तिथं पहिल्यांदाची नोंद कुठल्यातरी कागदावर असते. आपल्याकडे मेट्रोनिडाझोलसारख्या अँटिबायोटिकची पट्टी चिठ्ठीशिवाय मिळते, सूज बसते आणि ती कुठंही लिहिली जात नाही. तिसऱ्या वेळी डॉक्टरकडे गेलेला माणूस सरळ सांगतो, 'पहिल्यांदाच दुखतंय.'

काका : बरं, दोनदा. डावीचं मी सोडतो. पण मला तुमच्या सगळ्या धंद्याबद्दल बोलायचंय. तुझ्या वहिनीचा, म्हणजे आमच्या सुनेचा, भाचा न्यू जर्सीत. सतराव्या वर्षी एका दुपारी चारही दाढा काढल्या, त्याला आइस्क्रीम दिलं आणि घरी पाठवला. एकही दुखत नव्हती. आता त्याची आई सुनेच्या कानाशी लागलीय, चारही काढून टाका. याला उपचार म्हणायचं?

पुतणी : तिकडे हा वाद जुना आहे. २००७ मध्ये जे फ्रीडमन नावाच्या अमेरिकन दंतवैद्यानं त्यांच्या सार्वजनिक आरोग्याच्या नियतकालिकात लिहिलं, की दरवर्षी अंदाजे पन्नास लाख लोकांच्या एक कोटी अक्कलदाढा काढल्या जातात आणि त्यातल्या बऱ्याचशा उगाच. त्यानं त्याला सार्वजनिक आरोग्यावरचं संकटच म्हटलं. तिथल्या सर्जनांना ते अर्थातच आवडलं नाही.

काका : तुला आवडलं?

पुतणी : अर्धं. वहिनी जे कारण देतात ते तर अगदीच टिकत नाही. अक्कलदाढ मागून ढकलते आणि पुढचे दात वाकडे होतात, हे आमचे काही जुने डॉक्टरही सांगतात. ब्रिटनमध्ये किशोरवयीन मुलामुलींचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाच्या काढल्या, दुसऱ्याच्या ठेवल्या आणि पाच वर्षांनंतर पुन्हा मोजमापं घेतली. १९९८ मध्ये निकाल छापला. पुढच्या दातांची गर्दी टाळायला दाढ काढणं समर्थनीय नाही. दातांना तारा लावून घेतलेल्या मुलांच्या आया अजून विचारतात, मी अजून नाही म्हणते.

काका : मग अर्धं का? पूर्ण का नाही?

पुतणी : कारण ब्रिटननं नियम केला आणि पुढे काय झालं तेही त्यांनीच मोजलं. सुरुवातीला शस्त्रक्रिया कमी झाल्या. दहा वर्षांत आकडा परत वर आला, फक्त माणसं बदलली. काढून घेणाऱ्यांचं सरासरी वय पंचविशीवरून तिशीच्या पलीकडे गेलं आणि कारणांत कीड वाढली. ती अक्कलदाढेची एकटीचीच नव्हती. अक्कलदाढ जिच्यावर रेलते त्या दुसऱ्या दाढेच्या मागच्या बाजूची होती.

हे मात्र मला थांबून सांगावंसं वाटतं, कारण घरात चर्चा नेहमी अक्कलदाढेचीच होते, शेजारणीचं कुणी नाव घेत नाही. दुसरी दाढ बाराव्या-तेराव्या वर्षी येते आणि घास दळण्याचं मोठं काम तिच्यावर असतं. अक्कलदाढ तिरपी होऊन तिला टेकली, की दोघींच्या मध्ये एक खाच तयार होते, हिरडीच्या पातळीला किंवा त्याखाली. तिथं कीड लागते ती दुखत नाही, आरशात दिसत नाही, जिभेला कळत नाही. कळते तेव्हा मुळाजवळ पोचलेली असते आणि कित्येकदा भरण्यासारखी राहत नाही. मग बिनकामाची दाढ राखायच्या नादात कामाची जाते. 'दुखत नाही' हे वाक्य अशा वेळी अक्कलदाढेबद्दल खरं असतं. शेजारणीबद्दल ते काहीच सांगत नाही.

काका : पण म्हणून सरसकट काढा, असं होत नाही ना?

पुतणी : नाही होत. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेनवाल्यांनी जगभरचे अभ्यास चाळले, २०२० मध्ये. निकषात बसणारे मिळाले दोन. दोन! त्यांनी लिहिलं, दुखत नसलेली निरोगी दाढ काढावी की ठेवावी हे सांगायला पुरावा अपुरा आहे. ठेवणार असाल तर ठरावीक काळानं तपासत राहा. तुम्ही म्हणता ती वाट बघणं मी मान्य करते काका, पण बघायला कुणीतरी लागतं. लंडनच्या दंतवैद्याकडून पत्र येतं, तुमची तपासणीची वेळ झाली. फ्रीगंजात कोण पाठवतं? मी सांगते दोन वर्षांनी या. येतात ते सात वर्षांनी, हातात सुजलेला गाल धरून. आगर, बडनगरकडून येणारा माणूस दुखत नसताना एका एक्स-रेसाठी दिवसाची मजुरी का बुडवेल?

काका : हे तू उलट बोलतेयस. बघणारं कुणी नाही हा दोष व्यवस्थेचा. त्याची शिक्षा निरोगी दाढेला?

पुतणी : दाढेला नाही, माणसाला होते ती शिक्षा. पस्तिशीत येतो तेव्हा हाड घट्ट झालेलं असतं, मुळं पूर्ण वाढून टोकाला वाकलेली असतात, शेजारच्या दाढेमागे पडलेला खड्डाही तरुणपणासारखा भरून येत नाही. विशीच्या आत मुळं दोन-तृतीयांश झालेली असताना तेच काम वीस मिनिटांचं असतं. मी सगळ्यांची काढा म्हणत नाही. पण परत येणार नाही असा माणूस समोर बसला असेल, तर माझा काटा काढण्याकडे झुकतो. हे पुस्तकात नाही, खरंय.

काका : पुस्तकात नाही म्हणजे तुझ्या मनात आहे. आणि फी तुझ्याच खिशात. रागावू नकोस, मी वैद्य होतो, मलाही चूर्णं विकता आली असती.

पुतणी : रागावत नाही. म्हणून तर उजवीला हात लावत नाही मी.

(इथे तिनं एक्स-रे दिव्यासमोर धरला.)

पुतणी : खालची उजवी पूर्ण हाडात आहे. तोंडाशी तिचा संबंधच नाही, त्यामुळे जंतू शिरायला वाट नाही. शेजारणीशी अंतर आहे. आणि ही काळी पट्टी दिसते? खालच्या ओठाची संवेदना नेणारी नस या नळीतून जाते. नळीला वर-खाली पांढरी रेघ असते. मुळाशी आल्यावर वरची रेघ तुटलीय. म्हणजे मूळ नसेला अगदी चिकटून असण्याची शक्यता.

काका : आणि ती नस दुखावली तर?

पुतणी : ओठ आणि हनुवटी बधिर. बहुतेकांची काही आठवड्यांत, काही महिन्यांत परत येते. कायमची जाणं शंभरात एकापेक्षा कमी. पण अशा रेघा तुटलेल्या दाढेला तो सरासरीचा आकडा लावू नये. शिवाय शंभरात एक म्हणजे कुणासाठी? हिशेब लिहिणाऱ्याला बधिर ओठ चालून जाईल, बासरी वाजवणाऱ्याचं काय? कधी काढायचीच पडली तर आधी सीबीसीटी स्कॅन करीन, म्हणजे नस आणि मूळ नेमकी कशी आहेत ते तिन्ही बाजूंनी दिसेल. अगदीच अडचण असेल तर नुसता वरचा भाग कापून मुळं तशीच ठेवायचीही पद्धत आहे. आज काहीच नाही. प्रत्येक सुट्टीला आला की दाखवून जा.

काका : म्हणजे तूही वाट बघतेस.

पुतणी : बघते. तारीख लिहून.

वरच्या दाढांवर बोलणं लवकर आटोपेल असं मला वाटलं होतं. वरची उजवी एक्स-रेत नव्हतीच. काकांना शंका आली, की लहानपणी कुणी उपटली की काय. पुतणीनं सांगितलं, जगभर पाहणी केली तर पाचातल्या एकाहून जास्त लोकांना निदान एक अक्कलदाढ जन्मतःच नसते. काका खूश झाले. एक तरी वादाबाहेर गेली.

काका : आमच्या लहानपणी आई म्हणायची, वरचा दात काढला की डोळ्याची नजर जाते.

पुतणी : अजून म्हणतात. रोज एक तरी जण म्हणतो. नजरेची नस वेगळी, दाताची वेगळी, हे सांगून सांगून माझा घसा बसतो.

काका : हसू नकोस. सुश्रुतानंच लिहिलंय. वरचा दात हलत असला तरी वैद्यानं काढू नये. एका डोळ्याची नजर जाईल, तोंड वाकडं होईल. पण नीट वाच. तिथं कारण दिलंय, रक्त फार जातं म्हणून. त्या काळी तोंडातला रक्तस्राव थांबवायचं साधन काय होतं? डाग देणं आणि देवाचं नाव. त्यानं धोका मोजला आणि नको म्हणाला. कारण गळून पडलं, नुसती भीती राहिली.

पुतणी : हे मला पेशंटना सांगू दे. माझ्या नसांच्या चित्रांपेक्षा बरं पटेल.

मग बोलणं नातवाच्या मित्रावर आलं. तो बावीसचा, त्याचीही दाढ तशीच रेललेली. फरक एकच, तो दिवसाला चार-पाच पुड्या खातो. मध्य प्रदेशनं १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी घातली. आता पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी मिळते. मिसळायचं काम गिऱ्हाईक करतं.

पुतणी : त्याची मी थांबणार नाही. बोटं उभी घालून बघितली, तिनाच्या जागी जेमतेम दोन जातात. सुपारीनं गालाच्या आत दोर बांधल्यासारखे पट्टे येतात आणि तोंड आवळत जातं. सबम्युकस फायब्रोसिस. आपल्याकडे १९५३ मध्ये मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशींनी याची नोंद केली. आज दोन बोटं जातात तोवर मागच्या दाढेपर्यंत माझं हत्यार पोचतं. एक बोट राहिलं की साधी भूल देऊन दाढ काढता येत नाही, भरता येत नाही, ब्रशही आत जात नाही. पुढे गाल सोडवायची शस्त्रक्रिया करायची वेळ आली, तर तेव्हाही सर्जन अक्कलदाढा काढतातच, नाहीतर लावलेल्या कातडीला त्या चावतात.

काका : त्याला आधी सुपारी सोड म्हणून सांग.

पुतणी : सांगितलं. म्हणाला, दाढेचं बोला.

काका : दाढ काढ त्याची. उद्याच काढ.

सगळ्या संवादात काका एवढ्या पटकन कुठंच राजी झाले नव्हते. मुद्दा वयाचा नव्हता, दुखण्याचाही नव्हता. दार बंद होत चाललं होतं, हे त्यांना लगेच कळलं. नातवाच्या बाबतीत जहाज हेही तसंच दार आहे. सहा-नऊ महिने समुद्रावर, दंतवैद्य पुढच्या बंदरात. पण ते पुन्हा पुन्हा उघडतं, म्हणून उजवी राहिली.

पुतणी : तर डावी खालची पुढच्या आठवड्यात. भूल फक्त तेवढ्या भागाची. टाके, दोन-तीन दिवस सूज, आठवड्यानं टाके काढू. सिगारेट ओढत असेल तर मला खरं सांगायला सांगा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून हाड उघडं पडलं, तर जो ठणका लागतो तो सुजेपेक्षा वाईट. आणि वरची डावीही त्याच वेळी काढून टाकू.

काका : कोणती?

पुतणी : ही, सरळ आलेली.

काका : ती तर निरोगी आहे! कीड नाही, तिरपी नाही, शेजारणीला त्रास नाही. मघाशी तूच विलायतेचा कागद वाचून दाखवलास ना, निरोगी काढू नये म्हणून?

पुतणी : तो अडकलेल्या दाढेबद्दल. हिच्या समोरची खालची गेली, की हिला चावायला काही उरत नाही. समोर आधार नसलेली दाढ हळूहळू खाली उतरते. मग गालाला घासते, खालच्या हिरडीला टोचते, मध्ये अन्न अडकतं. वरची दाढ काढायला पाच मिनिटं लागत नाहीत. भूल दिलेलीच असेल.

काका : भूल दिलीय म्हणून काढायची?

पुतणी : पुन्हा जहाजावरून आणून काढण्यापेक्षा.

काका : हे बघ, एक काढायला आलेल्या माणसाला दोन काढून पाठवायचं, याला माझं मन घेत नाही. उतरेल म्हणतेस. उतरेलच का?

पुतणी : उतरेलच असं नाही. बऱ्याच जणांची उतरते.

काका : किती वर्षांत?

पुतणी : एकाचं दोन वर्षांत, एकाचं दहा वर्षांतही नाही.

काका : मग ठेव.

पुतणी : मग कागदावर लिहून द्या, की वरची राखायचं तुम्ही ठरवलंत. आणि त्याला विचारा, वीस वर्षांचा आहे, सही त्याचीच लागेल.

नातवाला विचारलं. त्याला सगळ्या एकदम काढून मोकळं व्हायचं होतं, उजवीसकट. न्यू जर्सीच्या मावसभावानं फोनवर फारसं दुखत नाही म्हणून सांगितलं होतं. पुतणीनं त्याला ती तुटलेली पांढरी रेघ दाखवली आणि उजवीपुरतं नाही म्हणून सांगितलं. वरच्या डावीवर मात्र ती आणि काका अजून भांडताहेत. या एका दाढेपुरता मी काकांच्या बाजूचा. खाली उतरायला लागलीच तर पुढच्या सुट्टीत पाच मिनिटांचं काम आहे, असं तीच म्हणाली होती.